चिंच, वड आणि चीड

पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलमध्ये खिडकीशी बसावे आणि स्टेशनांच्या पाट्या वाचीत जावे. आपण एखाद्या वनराईतूनच चाललो आहोत असा भास होतो. पिंपरी हे एका झाडाचे नाव. चिंचवडच्या पाटीवर तर चिंच आणि वड असे दोन वृक्ष दाटीवाटीने उभे. आकुर्डीला उतरून निगडीस यावे, तर निगडी म्हणजे आपली निर्गुडी! गावांना नावे देणाऱ्या पूर्वजांना झाडांपलीकडे काही दिसतच नसावे. आता पाटीवरची नजर जरा बाजूला वळवली, की दिसतात कारखान्यांची दातेरी छपरे, पत्र्याच्या शेडी, आणि त्यांच्या डोक्यावरून डोकावणाऱ्या वीस-वीस मजली इमारती.

तरीही लाकूड म्हणाल, तर या मुलखात आजही मुबलक आहे. फक्त ते उभे नाही, आडवे आहे. जुन्या बिऱ्हाडांतल्या पलंगांत आणि देव्हाऱ्यांत आहे; पाडलेल्या वाड्यांच्या तुळयांत आहे; आणि चाकणच्या कारखान्यांच्या दाराशी येऊन पडणाऱ्या परदेशी खोक्यांत तर ढिगांनी आहे. २०२४ च्या डिसेंबरपासून पुढे तीन-चार महिने मी या आडव्या लाकडाच्या मागे हिंडले. निमित्त घरातल्या एका कपाटाचे.

कपाट हा शब्दही मोठा गमतीचा. संस्कृतात कपाट म्हणजे दाराची झडप. मराठीने झडपेमागचा सगळा संसारच त्या एका शब्दात कोंबला. आमच्या कपाटात तर तो अक्षरशः कोंबलेला होता. सहा फूट उंच, दोन दारांचे, चार फळ्यांचे, खाली एक खण. माझे सासरे, आम्ही सारे त्यांना अण्णा म्हणत असू, पिंपरीच्या पेनिसिलीनच्या कारखान्यात मेन्टेनन्स खात्यात होते. कारखान्याचे खरे नाव हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने तो उभा राहिला, तेव्हा देशातला तो पहिला सरकारी औषध-कारखाना होता. बुरशीच्या रोगांवरचे हॅमायसिन पुढे येथेच निघाले, आणि त्या औषधाच्या नावात कारखान्याची आद्याक्षरे कायमची जाऊन बसली. पण भोवतालच्या लोकांना एवढे लांबलचक नाव कोठून झेपायला? ते सरळ 'पेनिसिलीन' म्हणत. "कुठं नोकरीला?" "पेनिसिलीनला." औषधाच्या नावाने नोकरी सांगणारी माणसे जगात दुसरीकडे असतील असे वाटत नाही.

ते कपाट अण्णांनी लग्नाआधी, १९५८ च्या सुमारास, चिंचवडगावातल्या एका सुताराकडून करून घेतले. १९६१ च्या मे महिन्यात सासूबाई लग्न होऊन कॉलनीत आल्या, तेव्हा क्वार्टरमध्ये एक स्टोव्ह, एक खाट आणि हे कपाट एवढाच सरंजाम होता. दोनच महिन्यांनी पानशेत फुटले. शनिवारातले सासूबाईंचे माहेरचे नऊ जण अंगावरच्या कपड्यांनिशी पिंपरीला आले आणि महिनाभर त्या कपाटासमोर ओळीने झोपले. ही हकीगत मी किमान चाळीस वेळा ऐकली असेल. आणि प्रत्येक वेळी तिचा शेवट एकाच वाक्याने होई: "ब्रह्मदेशी सागवान आहे हो ते, साधं नाही!"

घरोघर अशी एकेक दंतकथा असतेच. कोणाकडे पेशव्यांच्या वेळची समई असते, कोणाकडे काशीहून पायी आणलेला गडू असतो. आमच्याकडे ब्रह्मदेशी सागवान होते. या सागवानाने अलीकडे मात्र जरा गुंता केला. आमचे प्राधिकरणातले घर पाडून त्या जागी मोठी इमारत व्हायची ठरली. ('प्राधिकरण' म्हणजे १९७२ साली कामगारवस्तीसाठी स्थापन झालेले नवनगर विकास प्राधिकरण. २०२१ साली ते विलीन झाले आणि इतिहासजमा झाले, पण रिक्षावाल्यांना अजून तोच पत्ता सांगावा लागतो.) भाड्याच्या फ्लॅटमध्ये कपाट कोठे मावणार? तेवढ्यात ठाण्याहून थोरल्या भाऊजींचा फोन आला, की अण्णांनी ते कपाट आपल्याला तोंडी कबूल केले होते. "मला हवंय असं नाही," ते म्हणाले, "पण ब्रह्मदेशी साग आहे, म्हणून म्हटलं." आमच्याकडच्यांनी म्हणजे माझ्या यजमानांनी यावर चष्मा पुसला. चष्मा पुसणे हा आमच्या घरी युद्धाचा पहिला शंख समजतात. त्यातच जुन्या फर्निचरचा एक व्यापारी येऊन गेला आणि रंगाखाली खरोखर बर्मा टीक निघाले तर तीस हजार द्यायला तयार झाला. रंगाखाली! साठ वर्षांत रंगाखालचे लाकूड कोणी पाहिलेच नव्हते.

कॉलेजच्या परीक्षा संपल्या होत्या. मी म्हटले, रंग मी काढते. घरात एकदम शांतता पसरली. हातात आयुष्यात खडू आणि झारा यांखेरीज हत्यार न धरलेल्या बाईने हे म्हणणे म्हणजे जरा अतिच होते. सासूबाईंनी तेवढी एक अट घातली: "दारं मोडायची नाहीत."

जुन्या तैलरंगांबद्दल एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी. त्यांत शिसे असे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वी रंगवलेल्या वस्तूला कोरडा काचपेपर घासायचा, म्हणजे विषाची पूड नाकातोंडात आणि मुलांच्या खेळण्यांवर उडवायची. म्हणून रंग घासून नव्हे, औषध लावून काढावा. दाट खळीसारखे हे औषध पिंपरी कॅम्पात मिळते. ब्रशाने जाड थर द्यावा, वरून प्लॅस्टिकचा कागद झाकावा आणि तासभर गप्प बसावे. मग रंग आपोआप फुगतो, सुरकुततो आणि लोखंडी पट्टीने सालीसारखा निघतो. खिडक्या सताड उघड्या हव्यात, हातांत रबरी मोजे हवेत. निघालेला लगदा जुन्या डब्यात भरून वेगळा ठेवावा.

पिंपरी कॅम्प ही या सगळ्या मुलखातली मला सर्वांत आवडणारी जागा. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची ही छावणी. ज्यांनी काहीही बरोबर आणले नव्हते, त्यांच्या बाजारात आज मिळत नाही अशी वस्तू नाही. शगुन चौकाजवळच्या बोळात एका म्हाताऱ्या दुकानदाराने माझी यादी चष्म्यावरून पाहिली. "चपडी लाख? कोण लावतं आता? सगळे फवारा मारतात, मेलामाइन, पीयू." पण त्याने फळीच्या मागून एक पिशवी काढली. मधाच्या रंगाचे, पातळ, काचेसारखे खळखळणारे तुकडे. झारखंडातल्या कुसुम-पळसाच्या डहाळ्यांवर एक बारीकसा किडा बसतो, रस पितो आणि अंगाभोवती राळेचे घर बांधतो; ती ही लाख. पांडवांच्या लाक्षागृहापासून बांगड्यांपर्यंत आपण तिला ओळखतो. पण बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यासुद्धा लाखेच्याच होत्या, आणि औषधाच्या कित्येक गोळ्यांवर चढवतात तो चकचकीत थरही लाखेचाच असतो, हे ऐकून माझ्या यजमानांना कपाटाविषयी प्रथमच थोडा आदर वाटला.

औषधाचा पहिला हात मी बाजूच्या फळीवर दिला. वरचा पिवळसर रंग सुटला, त्याखाली पोपटी निघाला. सासूबाई स्टुलावर बसून पाहात होत्या. "हा पोपटी धाकट्याच्या बारशाला दिला होता. पंच्याहत्तर साल." म्हणजे माझ्या यजमानांच्या. पोपटीखाली राखाडी. कारखान्यातल्या लेथ मशीनला असतो तो थंड, घट्ट राखाडी. यावर सासूबाई काही बोलल्या नाहीत. हा राखाडी रंग त्यांच्याआधीचा होता.

येथून पुढे माझे एकटीचे काम नव्हे, हे मला समजत होते. दारांचे सांधे खिळखिळे झाले होते. व्यापाऱ्याच्याच टेम्पोवाल्याने एक पत्ता दिला: कुदळवाडी.

कुदळवाडी न पाहिलेल्यांना ती समजावणे अवघड आहे. चिखलीच्या हद्दीत, देहू आणि आळंदी यांच्या मधोमध, म्हणजे तुकोबा आणि ज्ञानोबा यांच्या बरोबर मध्ये, पिंपरी-चिंचवडच्या साऱ्या कारखान्यांचे आणि संसारांचे टाकलेले सामान येऊन पडत असे. एका गल्लीत नुसती पिंपे, दुसरीत कागद, तिसरीत बंद पडलेल्या कंपन्यांच्या खुर्च्या, चौथीत लाकूड. मोडलेली दारे, खिडक्यांच्या चौकटी, पलंगाचे पाय, शाळेची बाके, आणि पांढऱ्या लाकडाची खोकी, खोक्यांचे नुसते डोंगर. तेथे उभे राहिले की आपण सगळ्या शहराच्या मागच्या दाराशी आलो आहोत असे वाटे. २०२४ च्या डिसेंबरातच तेथे मोठी आग लागली होती आणि धुराचे लोट दूरवर दिसले होते. मी गेले तेव्हा काही गल्ल्यांत जळक्याचा वास अजून होता.

मिस्त्री उत्तर प्रदेशातल्या बस्ती जिल्ह्यातले. तीस वर्षांपूर्वी आलेले, वय साठीचे, मराठी अस्खलित पण क्रियापदे जरा आपल्या मर्जीने वापरणारे. ते घरी आले, कपाटाभोवती एक फेरी मारली आणि दाराच्या आतल्या कडेवर पटाशीने नखभर ढलपी काढली. ती हुंगली आणि माझ्या नाकाशी धरली. जुन्या चामड्यासारखा, तेलकट वास. "हे साग. चांगला साग." मग बाजूच्या फळीवरून तशीच ढलपी काढली. फिकट, हलकी, आणि वास राळेचा. त्यांनी सासूबाईंकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, हे चीड आहे. खोक्याचं लाकूड."

दारे आणि दर्शनी चौकट सागाची. बाजू, पाठ, फळ्या, सगळे चीड. आणि साग तरी ब्रह्मदेशाचा की आपल्या आलापल्लीचा, हे पटाशीने सांगता येत नाही, असे मिस्त्रींनी बजावले.

मागची फळी संध्याकाळी उघडी केली तेव्हा राखाडीच्या खाली काळ्या शाईचे ठसे दिसले. खोक्यावर पत्ता छापतात तशी मोठी इंग्रजी अक्षरे. फळी कापताना दोन्ही टोके गेलेली. मधली चारच शिल्लक: एन, आय, सी, ई. नाइस! लाकूड स्वतःच स्वतःला शाबासकी देत होते. मी पोटभर हसले, आणि मग एकाएकी लक्षात आले, की या चार अक्षरांच्या आधी एक यू आणि शेवटी एक एफ बसवला की शब्द होतो युनिसेफ. पेनिसिलीनच्या कारखान्याची यंत्रसामग्री युनिसेफकडून आली होती. ती ज्या खोक्यांतून आली, त्यांतलेच एखादे अण्णांनी भंगारातून विकत घेतले असणार. पंचविशीतला नुकता नोकरीस लागलेला माणूस. चार सागाच्या फळ्या घेण्याची ऐपत, त्या त्याने समोर लावल्या. बाकीचे कपाट खोक्याचे केले आणि वर कारखान्याचा राखाडी रंग चढवला.

हे सासूबाईंना सांगावे कसे? सांगावे लागलेच नाही. त्या मागे उभ्याच होत्या. त्यांनी चार अक्षरांवरून बोट फिरवले, आणि आत जाऊन देवाजवळ दिवा लावला. दोन दिवस त्या कपाटाविषयी एक शब्द बोलल्या नाहीत. ठाण्याचा फोन त्यांनीच घेतला. "चीड आहे म्हणे," त्या म्हणाल्या, "पाठवू का?" पलीकडून काय उत्तर आले ते कळले नाही, पण भाऊजींना एकाएकी आपल्या घरातली जागा किती लहान आहे हे आठवले असावे. व्यापाऱ्याचे तीस हजार चारांवर आले. तेही फक्त दारांचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना सासूबाई म्हणाल्या, "रंग लावून टाक परत. तोच. राखाडी."

मला ते पटेना. साठ वर्षांनी लाकूड उजेडात आले; ते चीड का असेना, त्याला पॉलिश करून त्या अक्षरांसकट दिमाखाने मिरवावे, असे माझ्या मनात होते. हल्ली अशा वस्तूंना मोठी किंमत येते, हेही मी ऐकवले. सासूबाईंनी बशीतला चहा संपवला. "तुला मिरवायचंय. त्यांना मिरवायचं नव्हतं."

रविवारी मिस्त्री आले तेव्हा मी माझी बाजू मांडली. त्यांनी ओला बोळा चिडाच्या फळीवर फिरवला. एके ठिकाणी लाकूड गटागटा पाणी प्यायले, दुसरीकडे तसेच कोरडे राहिले. "पॉलिश असंच पिणार. डाग डाग दिसणार. आणि ह्याला भुंगा लई आवडतो. सागाला तेल असतं, त्याला कोण खात नाही. ह्याला रंग होता म्हणून वाचलं. मालकानं चार बाजूंनी, आतून, खालून, सगळीकडून रंग दिलाय. पायाच्या तळव्याला पण." खरोखरच, कपाट आडवे करून पाहिले तर जमिनीला टेकणाऱ्या भागावरही राखाडीचा दोन हात थर होता. साठ पावसाळ्यांत एक भोक पडले नव्हते. मेन्टेनन्सचा माणूस!

तेव्हा ठरले ते असे: सागाच्या दर्शनी भागाला लाखेचे पॉलिश, चिडाला पुन्हा राखाडी रंग. मागची अक्षरे मात्र पारदर्शक लेप देऊन उघडी ठेवायची. ती भिंतीकडे तोंड करून असणार, म्हणजे मिरवण्याचा प्रश्न नाही. सासूबाईंनी एवढी सवलत दिली.

दोन्ही दारे सांधे आवळण्यासाठी मिस्त्री कुदळवाडीला घेऊन गेले. चौकटीचे पॉलिश माझ्या वाट्याला. दर रविवारी ते येऊन तासभर शिकवीत आणि आठवडाभराचा अभ्यास देऊन जात. विद्यार्थी होण्याचे सुख मी वीस वर्षांनी घेतले. आधी काचपेपर: ऐंशी नंबर, मग एकशेवीस, मग एकशेऐंशी, शेवटी तीनशेवीस, आणि नेहमी लाकडाच्या रेघांच्या दिशेने. आडवा हात मारला की ओरखडा पॉलिशखाली भिंगातून पाहिल्यासारखा मोठा दिसतो. मग खडूची पूड आणि चिमूटभर गेरू कालवून रंध्रे भरायची. चपडी रात्रभर स्पिरिटमध्ये भिजत ठेवायची आणि सकाळी मलमलीतून गाळायची. पॉलिश ब्रशाने लावत नाहीत. जुन्या धोतराच्या फडक्यात कापूस बांधून लिंबाएवढा बोळा करतात, त्याला नावापुरते गोडे तेल टिपतात, आणि मग तो लाकडावरून फिरवीत राहतात. गोल, मग इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा, मग सरळ. थांबायचे नाही. थांबला की चिकटतो. एक थर इतका पातळ की दिसत नाही. दहाव्या-बाराव्या थराला लाकूड आतून दिवा लागल्यासारखे उजळायला लागते. दमट हवेत हे काम करू नये, लाख पांढुरकी पडते. आणि अशा पॉलिशवर गरम कप ठेवू नये. पण ठेवलाच, तर त्या जागी पुन्हा बोळा फिरवता येतो. मेलामाइन उडाले की सगळेच खरवडावे लागते. म्हणून मिस्त्री फवाऱ्याच्या पॉलिशला 'प्लॅस्टिक' म्हणत, तुच्छतेने, नाक न आक्रसता.

हात कसा फिरला पाहिजे हे कळण्यासाठी त्यांनी मला चिंचवडगावात पाठवले. मोरया गोसावींच्या समाधीमागे पवनेच्या घाटावर बसून परत येताना मी चापेकर वाड्यापाशी थांबले. १८९७ च्या २२ जूनला पुण्यात रँडवर गोळी झाडणाऱ्या भावांचे हे घर, आता स्मारक आहे. गावातल्या जुन्या खांबांना कोणी पॉलिश केलेले नाही. येणाऱ्याजाणाऱ्याच्या तळव्यांनीच छातीच्या उंचीपर्यंत तकाकी आणली आहे. तेथे लाकूड रेशमासारखे लागते आणि वर हात न पोचलेल्या भागात खरबरीत.

जानेवारी अशी गेली. फेब्रुवारीच्या आरंभी कुदळवाडीत नोटिसा आणि बंदोबस्त यांची बोलणी ऐकू येऊ लागली, आणि ८ फेब्रुवारी २०२५ ला अनधिकृत बांधकामे पाडण्याची मोहीम सुरू झाली. आठवडाभरात आठशे एकरांवरच्या पट्ट्यातली चार हजारांहून अधिक बांधकामे जमीनदोस्त झाली. वारंवारच्या आगी, जळणाऱ्या प्लॅस्टिकचा धूर, इंद्रायणीत उतरणारे घाण पाणी, ही कारणे खोटी नव्हती; त्या धुराने खोकणारी मुले माझ्या वर्गात बसत. आणि त्या शेडींतून हजारो माणसे पोट भरत होती, हेही खोटे नव्हते. वर्तमानपत्र उघडले की मला त्यात माझी दोन दारे दिसत. मिस्त्रींचा फोन लागत नव्हता. यजमान म्हणाले, "गेली समज." सासूबाई काहीच म्हणाल्या नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी रात्री बाहेरचा दिवा मालवला नाही.

रात्री एकच्या सुमारास टेम्पो थांबला. दोन्ही दारे गोणपाटात, त्यावर गोधडी, त्यावर सुतळी. मिस्त्री आणि त्यांचा मुलगा. "तिथं उद्या आमच्या लायनीत येणार," ते म्हणाले. म्हटले, तुमचे स्वतःचे सामान? "ते आता नेतो. हे दुसऱ्याचं, पहिलं पोचवायला पाहिजे." सासूबाई उठल्या आणि आल्याचा चहा टाकला. मिस्त्रींनी उभ्यानेच घेतला. मी पैसे काढले, तर दारांना शेवटचे हात द्यायचे राहिले आहेत, काम पुरे झाल्याशिवाय घेणार नाही म्हणाले, आणि टेम्पो गेला.

त्यानंतर महिनाभर काही पत्ता नाही. दारांना शेवटचे हात मीच दिले. मार्चमध्ये टेम्पोवाल्याने सांगितले, की ते चाकणच्या अलीकडे, कुरुळीच्या बाजूला, खोकी बनवणाऱ्या एका शेडीत रोजावर आहेत.

मोशीला इंद्रायणी ओलांडून नाशिक रस्त्याने निघाले. चाकण म्हटले की माझ्या पिढीला संग्रामदुर्ग आठवतो: १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने मूठभर लोकांनिशी तो शाहिस्तेखानापासून जवळजवळ दोन महिने राखला. त्यानंतर कांद्याचा बाजार आठवतो. हल्लीच्या मुलांना मात्र मोटारी आठवतात. २००९ साली जर्मन मोटारींचा मोठा कारखाना येथे सुरू झाला आणि भोवती सुट्या भागांच्या कारखान्यांची रीघ लागली. शाहिस्तेखानाला दोन महिने लागले; चाकणच्या चौकातून संध्याकाळी पार व्हायला हल्ली जो वेळ लागतो, तो पाहता खान फार मागे नव्हता.

शेडीत मिस्त्री खोक्याच्या फळ्यांतून खिळे उपटत बसले होते. मला पाहून त्यांनी स्टूल पुसले. भोवती सगळीकडे चीड. प्रत्येक फळीवर भाजून उठवलेला एक शिक्का: गव्हाच्या लोंबीसारखे चित्र, देशाची दोन अक्षरे, एक क्रमांक आणि पुन्हा दोन अक्षरे. लाकडातून किडे एका देशातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून २००२ साली हा आंतरराष्ट्रीय नियम झाला. 'एच टी' म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर अर्धा तास तापवलेले. 'एम बी' म्हणजे विषारी वायूची धुरी दिलेले. ते घरात आणू नये आणि चुलीत तर घालूच नये. 'डी ई' जर्मनी, 'के आर' कोरिया, 'सी एन' चीन. अण्णांच्या वेळी खोक्यावर शाईने पत्ता तेवढा असे. आता किड्यांचा दाखलाही असतो.

मी पैसे मोजून दिले. त्यांनी न मोजता खिशात घातले आणि विचारले, "रंग कोणता दिला?"

"राखाडी."

"पायाच्या तळव्याला?"

"दोन हात."

त्यांनी मान हलवली. मग आठवण झाल्यासारखे उठले. कपाटाची तिसरी फळी वाकली आहे हे त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिले होते. ढिगातून एक सरळ, गाठी नसलेली जर्मन फळी निवडली, मापाची कापली, कडा रंध्याने मोडल्या. शेडीच्या मालकाने तिचे ऐंशी रुपये घेतले. कुदळवाडीची जागा आता मिळणार नाही, मुलगा याच कामाला लागला आहे, आणि पॉलिशचे काम कोणी सांगितले तर येईन, असे सांगून ते पुन्हा खिळ्यांकडे वळले. ओळखीच्या तीन घरी मी त्यांचा नंबर दिला आहे. एकीकडे पाळण्याचे काम मिळाले.

कपाट आता भाड्याच्या फ्लॅटमध्ये सासूबाईंच्या खोलीत आहे. दारे आणि चौकट मधाच्या रंगाची, बाकी अंग राखाडी. मागे भिंतीकडे युनिसेफची चार अक्षरे, आणि तिसऱ्या फळीवर जर्मनीचा शिक्का. तो रंगवायला मी विसरले नाही. सासूबाईंनीच राहू दे म्हणून सांगितले. आधी मात्र त्यांनी खोदून खोदून विचारून घेतले, की हे औषध मारलेले नव्हे ना? मी दोन-दोनदा 'एच टी'चा अर्थ सांगितला. नुसते तापवलेले, आई, औषध नाही. त्या बरे म्हणाल्या. दिवाळीचे डबे त्यांनी दुसऱ्या फळीवर ठेवले आहेत, आणि तिसरीवर साड्या.